पत्त्याची चाळीस अक्षरं

ऑफिसात तिला सगळे फूटपट्टी म्हणत आणि तीही खुशाल ओ देई. चार वर्षांपूर्वी वैद्यकीय तपासणी केंद्राचा डेटाबेस नव्याने बांधताना साहेबांनी विचारलं होतं, ईमेलच्या रकान्यात किती अक्षरं मावायला हवीत? ती उठली आणि टेबलाटेबलापाशी जाऊन प्रत्येकाचा पत्ता बोट ठेवून मोजून आली. सगळ्यात लांब निघाला रिसेप्शनवालीचा, चौतीस अक्षरांचा. "मग चाळीस ठेव, ऐसपैस होईल," साहेब म्हणाले. शिवाय स्क्रीनवर चूक दाखवणारी लाल अक्षरं त्यांना खपत नसत. म्हणून चाळिसाच्या पुढचं शेपूट गुपचूप छाटायचं आणि वर हिरव्या अक्षरांत 'नोंद झाली' म्हणायचं, असं ठरलं. तिच्या त्या मोजणीला सगळे खूप हसले होते. नाव तेव्हापासून चिकटलं.

आज सकाळी डॉक्टरबाईंचा फोन आला. त्यांच्या पेशंट असलेल्या एका शिक्षिकेच्या गाठीचा रिपोर्ट तीन महिन्यांपूर्वी मेलने गेला होता. रिपोर्ट वाईट होता, उपचार लगेच सुरू व्हायला हवे होते, आणि बाई अजून फिरकल्याच नव्हत्या.

फूटपट्टीने नोंद उघडली. पत्ता शेवटच्या टिंबापाशी येऊन संपला होता. बाईंनी हाताने भरलेला कागदी अर्ज काढून तिने मोजलं. त्रेचाळीस. न पोहोचलेल्या मेल ज्या खात्यात परत येतात, ते खातं चार वर्षांत कुणी उघडलंच नव्हतं. तिथे हा रिपोर्ट तीनदा येऊन पडला होता. आजूबाजूला आणखी एकशे बारा.

तिने साहेबांना बोलावून स्क्रीन दाखवली.

साहेब तिच्या खुर्चीमागे उभे राहून सफरचंद खात होते. "मर्यादा वाढवून दोनशे चोपन्न अक्षरं कर आणि विषय मिटव. जुनी नोंद पुसून टाक. बाईंनीच पत्ता अर्धवट दिला म्हणायचं. तो अर्ज दे इकडे." चावता चावताच त्यांनी हात पुढे केला. बोटं रसाने चिकट झाली होती.

त्या हाताची तिला शिसारी आली. पण त्याहून जास्त किळस वाटली ती स्वतःची. कारण ते ऐकून क्षणभर तिला हायसं वाटलं होतं.

"आधी हात धुऊन या," ती म्हणाली. अर्ज स्वतःच्या पर्समध्ये टाकला, नोंदीला हातही लावला नाही आणि अर्जावरचा नंबर फिरवला.

पलीकडे पोरांचा गलका होता. "रिपोर्ट ना?" शिक्षिका हसून म्हणाल्या. "पंधरा दिवस रोज मेल बघत होते हो. मग आईच म्हणाली, वाईट असतं तर त्यांनी कळवलं नसतं का? म्हटलं, खरंच की. झाले निर्धास्त. कोण बोलतंय?"

ऑफिसात कुणीच घेत नसलेलं स्वतःचं खरं नाव फूटपट्टीने सांगितलं. मग म्हणाली, "बाई, आजच डॉक्टरांकडे जा. आम्ही कळवलं होतं. तुमचा पत्ता मी कापला."