ती हॅच बंदच आहे

मी समुद्राच्या तळाशी पडलेली एक जुनी गनबोट बोलतेय. हळूच बोलते बाबांनो, थकलेय फार.

सिडनीच्या गोदीत माझा जन्म. पुढे एकच तोफ, तीही उडाली की मीच गदगदा हलायचे. दुसऱ्या महायुद्धात मालवाहू जहाजांना सोबत करायची, बटाट्यांची पोती नि टपाल पोचवायचं, हाच काय तो माझा पराक्रम! खलाशी मला येताजाता शिव्या घालायचे आणि सुट्टीवरून परतले की कठड्यावर मायेने थाप मारायचे.

एका दुपारी टॉर्पेडो बसला, थेट बॉयलरखोलीत. आत सातजण होते. कप्तान ओरडला, "हॅच लाव!" वीस वर्षांच्या आर्थरने बॉयलरखोलीवरचं ते लोखंडी झाकण लावून चारही खिट्ट्या घातल्या. पाणी अडलं, मी अकरा मिनिटं तग धरला आणि एकतीस माणसं होड्यांत बसून वाचली. पण झाकण लागल्यावर खालून आवाज येऊ लागला. ठक, ठक, ठक. आर्थरने खिट्टीला हात घातला. कप्तानाने त्याला ओढूनच नेलं.

मग नुसता गंज आणि मासे. परवा दोन डायव्हर उतरले, सिडनीच्या वेस्टमीड इस्पितळातली नर्स लीना आणि तिचा नवरा वरुण. हल्ली मास्कमधून बोलताही येतं म्हणे.

"लाइट मार रे. बघ, बंदच आहे. चारही खिट्ट्या जागच्या जागी."

"मग?"

"मग काय, कप्पाळ! आर्थर आजोबा रोज शिफ्टला माझा हात धरून विचारतात, हॅच उघडी असेल ना? ते सातजण शेवटी बाहेर पडले असतील ना? एकशे दोन वय आहे रे त्यांचं."

"उघडी होती म्हण. कोण बघायला येणारे?"

लीनाने एका खिट्टीवरून हात फिरवला. "नाही जमणार रे. माझ्या तोंडावर लगेच दिसतं. चल वर, हवा संपत आलीय."

अगं, थांब! किती ओरडले मी, पण लोखंडाचं ऐकतंय कोण? ते सातजण स्फोटातच गेले गं, एका क्षणात. ठोठावायला उरलं कोण होतं? माझाच एक तुटका पाइप पाण्याच्या हेलकाव्याने भिंतीवर आपटत होता. ऐंशी वर्षं त्या पोराची झोप मी खाल्ली.

मला वर काढू नका, फुलंही टाकू नका. पडू द्या इथेच. फक्त कुणीतरी वेस्टमीडला जा, लवकर जा, आणि आर्थरला सांगा, ठोठावत होती ती मी होते.