होयबाच्या दुकानातलं रबराचं झाड

नाही म्हणणं होयबाला कधी जमलंच नाही. धंदा केस कापण्याचा आणि दाढ्या करण्याचा, त्यात गिऱ्हाइकाशी वाद घालून चालत नाही. खुर्चीतला माणूस म्हणाला की आज फार उकडतंय, तर हा म्हणे, फारच. त्याच्यानंतर बसलेला म्हणाला की हवा काय छान आहे, तर हा म्हणे, अगदी. अशी उभी हयात मान डोलावण्यात गेल्यावर लोकांनी त्याचं नाव होयबा पाडलं. त्या नावाने हाक मारली तरी तो निमूटपणे ओ देत असे.

बायकोला मात्र या होकाराचा वीट आला होता. सुट्टीच्या दिवशी कुणी दार वाजवलं तरी हा भरल्या ताटावरून उठून कात्री घेऊन हजर. मुलगा त्याच्या शहरात राहायला बोलावतच होता. शेवटी तिने ठरवून टाकलं, दुकान विकायचं आणि मुलाकडे जायचं. होयबाने त्यालाही हो म्हटलं आणि मग दोन दिवस नीट जेवला नाही. दुकानात त्याचा जीव अडकला होता, आणि ते तिलाही कळत होतं.

तेवढ्यात तिच्या मोठ्या बहिणीच्या पायाचं हाड मोडलं आणि तिला तिकडे जावं लागलं. जाण्यापूर्वी तिने घरातलं रबराचं झाड दुकानात आणून ठेवलं. माणसाच्या खांद्यापर्यंत उंच, पंजाएवढ्या रुंद, जाड हिरव्या पानांचं झाड. एका फांदीपासून तिने ते वाढवलं होतं.

“नीट ऐका,” ती म्हणाली. “मातीत बोट घालून बघायचं. दोन पेरं कोरडी लागली तरच पाणी. उजेड हवा, कडक ऊन नको. एकदा जागा दिली की हलवायचं नाही. आणि दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही. मी येईपर्यंत हे जगलं तर दुकान राहील. मेलं तर सामान बांधायचं.”

“हो,” होयबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक टॅक्सीवाला. त्याने आरशातूनच झाडाकडे बघितलं आणि म्हणाला, “त्याला ऊन दाखव रे, कोपऱ्यात कोमेजून जाईल.” होयबाने कुंडी उचलून बाहेर पायरीवर नेली. टॅक्सीवाल्याची मान मोकळी होते न होते तोच औषधांच्या दुकानाचा मालक आला. “उन्हात पानं भाजतात,” तो म्हणाला. झाड आत आलं. समोरच्या शिंप्याचं म्हणणं पडलं की झाडाला वारा लागतो, म्हणून ते पंख्याखाली गेलं. पुढेपुढे तर खुर्चीत कोण बसलंय हे झाडाच्या जागेवरून रस्त्यावरूनच ओळखता येऊ लागलं. एकदा टॅक्सीवाला खुर्चीत आणि औषधवाला बाकावर असे दोघे एकदम सापडले, तेव्हा होयबा बिचारा कुंडी कवटाळून बराच वेळ उंबऱ्यात उभा राहिला.

पण या सगळ्यांवर कडी केली ती निवृत्त हेडमास्तरांनी. ते रोज दाढीला येत. त्यांचा हुकूम होता, सकाळी एक मग पाणी आणि संध्याकाळी एक मग. कुंडीखालून पाणी गळून फरशीवर डाग पडतात, अशी तक्रारही त्यांनीच केली आणि बुडाचं भोक बंद करायचा उपायही त्यांनीच सांगितला. होयबाने भोकात चिंध्या कोंबल्या. बोट घालून बघायचं त्याला आठवत होतं, पण हेडमास्तरांच्या देखत त्यांच्या मताची परीक्षा कशी घ्यायची?

पानं पिवळी पडायला लागली. मग गळायला लागली. गिऱ्हाइकांच्या केसांबरोबर तो तीही झाडून घेई आणि वर बघायचं टाळे. एक पान अर्धंच पिवळं झालेलं होतं, ते त्याने कात्रीने देठापाशी कापलं. कापलेल्या जागेतून पांढरं दूध भळाभळा वाहू लागलं. काही कळायच्या आत त्याचा हात सवयीने तुरटीच्या वडीकडे गेला आणि ती ओली करून त्याने जखमेवर दाबून धरली. “झालं, झालं,” तो म्हणत होता. मग कुणी बघत तर नाही ना म्हणून त्याने रस्त्याकडे नजर टाकली, तर समोर शिंपी सुईत दोरा ओवायचं विसरून त्याच्याकडे बघत होता.

बायकोचा फोन आला की हा सांगे, झाड मजेत आहे. बहिणीला चालता यायला लागलंय, आता लवकरच येते, असं तिने एका दुपारी सांगितलं. फोन ठेवून तो दुकानाकडे बघत बसला. आरसे, झिजलेल्या हातांची खुर्ची, रांगेत लावलेले कंगवे. मुलाच्या घरी आपण सकाळी उठून करणार काय, या विचाराने त्याला खरोखरच रडू आलं. दुकानात त्या वेळी कुणी नव्हतं. त्याने शेवटी मातीत बोट घातलं.

बोट चिखलात रुतलं. वर काढून हुंगलं तर कुबट वास. हा वास त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. ओला टॉवेल घडी करून ठेवून दिला की असाच वास मारतो. टॉवेल वाळवल्याशिवाय घडी करायचा नाही हे ज्याला पहिल्या दिवसापासून माहीत, त्याने झाड मात्र पाण्यात कुजत ठेवलं होतं. त्याने स्वतःला एक शिवी हासडली आणि दुकानाचं दार लावून घेतलं.

कुंडीतून झाड काढलं तेव्हा मुळांचा खालचा भाग तपकिरी आणि लिबलिबीत झालेला निघाला. कापाकापीला त्याचा हात बसलेलाच होता. सडलेलं तेवढं कापलं, पांढरं आणि टणक ते ठेवलं. बुडातल्या चिंध्या उपटल्या. कोरडी भुसभुशीत माती भरली, तिच्यात थोडी वाळू मिसळली आणि थोडंसंच पाणी देऊन झाड खिडकीपाशी ठेवलं, जिथे उजेड येतो पण ऊन पडत नाही. झाडावर तीन पानं शिल्लक होती.

त्यानंतर तो रोज फक्त बोट घालून बघे. गिऱ्हाइकांनी सल्ले दिलेच, पण कसल्याशा खोकल्याच्या साथीने त्याला हात दिला. कुणी तोंड उघडलं की हा खोटाच खोकत सुटे. हेडमास्तर तेवढे गावाला गेलेले होते. ते परतले आणि सरळ खुर्चीत येऊन बसले. एका गालाची दाढी झाली, दुसऱ्याला फेस लागला, तेव्हा त्यांना खिडकीतलं झाड दिसलं.

“अरे, हे तहानेने मरतंय. पाणी घाल आधी.”

होयबा खोकला. हेडमास्तर थांबले, त्याचं खोकणं संपू दिलं आणि पुन्हा म्हणाले, “पाणी.”

“नाही,” होयबा म्हणाला.

बाकावर वाट बघणाऱ्या टॅक्सीवाल्याने पेपर खाली केला.

“काय म्हणालास?”

“नाही म्हणालो, सर. माती ओली आहे.”

हेडमास्तर गळ्यातल्या कापडासकट उठले, पाण्याचा मग भरून घेतला आणि खिडकीकडे निघाले. होयबा झाडाच्या पुढे जाऊन उभा राहिला. आपल्या हातात उघडा वस्तरा आहे हे त्याच्या लक्षात नव्हतं. हेडमास्तरांच्या मात्र पूर्ण लक्षात होतं. ते होते तिथेच थांबले, आणि नेमकी त्याच वेळी होयबाची बायको पिशवी घेऊन दारात आली.

“वहिनी,” हेडमास्तर अर्ध्या फेसातून म्हणाले, “याने मला नाही म्हटलं.”

तिने हेडमास्तरांकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, मग झाडाकडे. तिचा चेहरा पडला. पिशवी खाली ठेवून तिने मातीत बोट घातलं, देठाला हात लावला. शेंड्याशी लालसर टोकदार कोंब होता, तो तिने वाकून निरखला. होयबाला वाटलं, गेलं दुकान.

“जीव आहे अजून,” ती म्हणाली. “पण इथे नको. आत्ताच्या आत्ता घरी न्यायचं हे. उचला.”

होयबा जागचा हलला, पण हात कुंडीकडे गेला नाही.

“नाही,” तो म्हणाला. “ते आता मूळ धरतंय. हलवलं तर उरलेली पानंही जातील. आणि मलाही इथून जायचं नाहीये. तुला वाईट वाटावं म्हणून सांगत नाही, पण मला नाही जायचं.”

तिने पदराने बोटाची माती पुसली. मग पिशवीतून फोन काढला आणि तिथेच बाकावर टॅक्सीवाल्याच्या शेजारी बसून मुलाला लावला.

“आमच्यासाठी खोली रिकामी करू नकोस,” ती म्हणाली. “आम्ही येत नाही. तुझ्या बाबांनी नाही म्हटलंय.”

हे शेवटचं वाक्य तिला तीनदा सांगावं लागलं. पहिल्या दोन वेळा मुलाचा विश्वासच बसला नाही, आणि तिसऱ्या वेळी ती ते जरा मोठ्यानेच म्हणाली.