झोपेतलं माप

काम सोडल्यापासून सुतारकाका घरात इतकी लुडबुड करायला लागले की बायकोनेच त्यांना अपंग मुलांच्या केंद्रात पिटाळलं. तिथे फुकटात हात चालवणारा माणूस हवाच होता. कुरकुरणारे पलंग, मोडक्या कुबड्या, असलं काहीबाही ते दुरुस्त करत. खरं घोडं अडलं ते सरकारपाशी.

सरकार म्हणजे सहा वर्षांची एक मुलगी. तिच्या मर्जीशिवाय केंद्रात पान हलत नाही, म्हणून सगळे तिला सरकार म्हणत. तिला बोलता येत नसे, आणि हातपाय एकदम ताठ व्हायचे. दिवसभर ती आईच्या मांडीवर असायची. वर्गाच्या बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं की एक जागा रिकामी आहे. सोमवारी मुलगी एकटी तासभर खुर्चीत बसली तर ती जागा तिची, नाहीतर पुढच्या वर्षी बघू.

तिच्यासाठी खुर्ची करायला काकांनी कंबर कसली. पण टेप लावला की सरकार ताठ, आणि दर वेळी आकडा वेगळा. चाळीस वर्षांच्या सुतारकीत असलं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं. शेवटी दुपारी ती झोपली, अंग सैल पडलं, तेव्हा काकांनी चोरपावलांनी सगळी मापं घेतली आणि स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश झाले.

खुर्ची झाली ती बघत राहावी अशी. शनिवारी सरकारला तिच्यात बसवलं, तर तिची पाठ ताणली, बूड पुढे सरकलं आणि दोन मिनिटांत ती पट्ट्याखालून घसरली. हनुवटी खरचटली.

"काका, झोपेत या मुलांचं अंग सैल पडतं," व्यायाम घेणाऱ्या ताई म्हणाल्या. "तुम्ही झोपलेल्या मुलीची खुर्ची केलीत."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं काकांना झालं. आई बाकावर टेकली, मुलीला मांडीवर घेतलं, आणि सरकार निवांत झाली. काका बघतच राहिले. सहा वर्षं चाललेली खुर्ची रोज डोळ्यांसमोर होती आणि आपण तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"हलू नकोस, पोरी," ते आईला म्हणाले. "आता तुझं माप घ्यायचंय."

टेप त्यांनी ताईंच्या हातात दिला आणि स्वतः आकडे लिहून घेतले. आईच्या टाचा उचललेल्या होत्या, त्यामुळे गुडघे कंबरेहून उंच होते आणि मांडी मागे उतरती. डावा कोपर मुलीच्या पाठीमागून वळलेला होता.

रविवारभर काका खपले. नव्या खुर्चीत एक काटकोन सापडला असता तर शपथ. बैठक मागे कललेली, एक हात उंच, एक बुटका. हाताखालच्या कुणी असली खुर्ची केली असती तर काकांनी त्याला दारात उभं केलं नसतं.

सोमवारी सरकारला तिच्यात बसवलं. ती ताठ झाली, काकांकडे रोखून पाहिलं, आणि हळूहळू सैलावली. बाईंनी सगळ्यांना बाहेर काढून दार लोटलं.

तास भरला तरी आतून कुणी हाक मारली नाही. काकांनी फटीतून डोकावून पाहिलं. सरकार खुर्चीतच होती, फळ्याकडे बघत.

आई व्हरांड्यातल्या बाकावर होती. मांडी रिकामी होती, पण टाचा तशाच उचललेल्या आणि कोपर तसाच वळलेला होता. काका शेजारी बसले.

"बसलीय ती," ते म्हणाले. "आता टाचा टेकव, पोरी."

तिने एक टाच टेकवली. दुसरी टेकवायला तिला बराच वेळ लागला.