पांढरी पट्टी

टेल्झेने आल्केच्या डाव्या पायाची पट्टी पुन्हा सोडली आणि पहिल्यापासून गुंडाळायला घेतली. पट्टी कालच धुऊन, इस्त्री करून ठेवली होती. वेढे गुडघ्याच्या खालून निघून खुराच्या वरपर्यंत एकसारखे उतरायला हवेत, कुठे सुरकुती दिसता कामा नये. उजवा पाय झटक्यात झाला होता. डाव्याला वेळ लागत होता, कारण तिथे एका जागी वेढा घट्ट बसला तर घोडी अंग चोरत होती.

"मालकीण," पागेच्या दारातून हार्म म्हणाला. हार्म तिच्या वडिलांच्या वेळेपासून घोड्यांत राबलेला म्हातारा गडी. त्याच्या हातात हातोडी होती. "नालेचा एक खिळा आत ठोकतो. एकच. बाजारात पोचेस्तोवर लंगडायला लागेल, सैन्यवाले नाकारतील. घरी आली की काढून टाकू."

"लंगडत नेऊ तिला?"

"रायमरने कालच उरकलंय ते. गावात कोण कोण घोड्यांना चिखल फासतंय, कोण मिठाचं पाणी पाजतंय. नीटनेटका घोडा न्यायला आज कुणी खुळं नाही."

"मग एक तरी असू दे," टेल्झे म्हणाली.

हार्मने हातोडी खाली ठेवली नाही. "चौदा सालच्या लढाईत तुमच्या वडलांनी पण असंच केलं होतं. आयाळीच्या वेण्या घालून चार घोड्या दिल्या. एकही परत आली नाही. जी घरी राहिली ती गाभण होती म्हणून राहिली, आणि तिच्याच वंशातली ही. हिची आई गेल्या हिवाळ्यात गेली. आता ही गेली की संपलं."

टेल्झेला हे कुणी सांगायला नको होतं. तिने पट्टीचं टोक आत खोचलं, तळव्याने एकदा वरून खाली चाचपलं आणि म्हणाली, "म्होरकी दे. ती चांगली, पितळी कड्यांची."

मेल्डॉर्फच्या रस्त्याला दोन्हीकडे कोबी उभा होता. एकोणचाळीस सालचा ऑगस्ट संपत आला होता. रायचं पीक कापून झालं होतं, ओटच्या पेंढ्या अजून शेतात होत्या आणि त्या आणायला गाड्याच उरल्या नव्हत्या, कारण घोड्यांआधी गाड्याच सैन्याने हुकूम काढून ताब्यात घेतल्या होत्या. टेल्झे काळा झगा घालून, मान ताठ ठेवून चालत होती. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून ती अशीच चालायची. मधल्या काळात लोकांनी बरंच बोलून घेतलं होतं. बाईच्या हातात पागा म्हणजे दोन पिढ्यांत गाढवं, हे खुद्द रायमर गुत्त्यात सगळ्यांसमोर म्हणाला होता. रायमर शेजारचा, एका बाकावर बसून शाळा शिकलेला. त्याच्याकडे एक काळा वछेरा, जवान होत आलेलं शिंगरू, होता आणि तो दिवसागणिक वाढत होता.

यंदाच्या मे महिन्यात जिल्ह्याच्या घोड्यांच्या प्रदर्शनात आल्केने पहिल्या नंबराची फीत मिळवली, तेव्हा टेल्झेने रायमरकडे बघितलंसुद्धा नव्हतं. बघायची गरजच नव्हती. फीत अजून बैठकीत घड्याळाखाली लटकत होती.

बाजारचौक घोड्यांनी भरला होता. चर्चच्या भिंतीलगत ताब्यात घेतलेल्या गाड्यांची रांग लागली होती. गवताच्या गाड्या, दुधाच्या गाड्या, बेकरीवाल्याची मोटार, तिच्या दारावर पावाचं चित्र तसंच. मध्ये टेबल, टेबलामागे एक कॅप्टन. त्याला सारखा खोकला येत होता. शेजारी डॉक्टर लोरेन्झन, जिल्ह्याचे जनावरांचे डॉक्टर. आज त्यांनाही गणवेश चढवला होता, आणि तो बाह्यांत आखूड पडत होता. मे महिन्यात आल्केच्या कपाळाला फीत लावली होती ती त्यांनीच.

रायमर तिच्या पुढे होता. त्याचा तांबडा घोडा तीन पायांवर नाचल्यासारखा चालत होता.

"फार दुखतंय हो बिचाऱ्याला," रायमर चेहरा पाडून म्हणाला. "कालपासून दाणापाणी घेत नाही."

डॉक्टरांनी खूर उचलला, चिमटा मागितला, खिळा उपटला आणि रायमरच्या हातात ठेवला. घोड्याने पाय टेकला, मान झटकली आणि खुशाल उभा राहिला.

"झाला बरा," डॉक्टर म्हणाले. "घ्या."

चौकात हशा पिकला. रायमर लाजला नाही. तसा तो लाजणाऱ्यातला नव्हताच. खिळा खिशात टाकून तो बाजूला झाला आणि त्याची नजर आल्केवर पडली. वेण्या घातलेली मान, खराऱ्याने काचेसारखी झालेली पाठ, दोन पांढऱ्या पट्ट्या.

"टेल्झे, अगं, लग्नाला निघालीस की काय?"

"तुझ्यासारखी रडत येऊ?"

"घोडी हातची जाईल."

"जाईल तर नीट जाईल."

लोक बाजूला सरले. तिला जागा करून दिली ती नुसती वाट देण्यासाठी नव्हती, हे तिला कळलं आणि तिची मान आणखी ताठ झाली. चिखल फासलेल्या त्या सगळ्या जनावरांत तिची एकटी घोडी घोड्यासारखी उभी होती.

डॉक्टरांनी दात बघितले. उंचीची काठी लावली. मग कॅप्टनकडे वळून म्हणाले, "तीन वर्षांची आहे. हाडं भरायची आहेत अजून. तोफेला जुंपायची तर दोन वर्षं थांबावं लागेल."

"उंची पुरते?"

"उंची पुरते."

"मग घ्या. तोफेच्या सहा घोड्यांत एक कमी आहे."

टेल्झे तशी गप्प बसणारी बाई नव्हती. "साहेब, एक विचारू? वसंतात गुत्त्याच्या हॉलमध्ये आम्हाला पडद्यावर दाखवलं होतं. रणगाडेच रणगाडे, मोटारीच मोटारी. बघून बघून मान दुखली. मग माझी घोडी कशाला लागते?"

कॅप्टनने टोपी काढून टेबलावर ठेवली. पन्नाशीचा, थकलेला माणूस होता. "पडद्यावर होतं ते खरंच आहे, बाई. त्याच्या मागून जे चालतं ते दाखवायचं राहून गेलं." त्याने भिंतीलगतच्या गाड्यांकडे हात केला. पावाच्या चित्राकडेही केला.

"म्हणजे तयारी झालेली नाही."

डॉक्टर आपल्या आखूड बाहीशी चाळा करू लागले.

"मग थांबा की," टेल्झे म्हणाली. "ही पाच वर्षांची होऊ द्या, मी स्वतः आणून देते. कुणाचं काय पळून चाललंय?"

"लढाई होतेय कुठे?" रायमर मध्येच बोलला. "गेल्या वर्षी आपण नुसते दंड थोपटले, समोरचे मागे सरले. आताही सरतील."

"तसंही म्हणणारे आहेत," कॅप्टन म्हणाला. मग आवाज खाली आणून टेल्झेला म्हणाला, "बाई, आज आपण पुढे आहोत. अर्धेकच्चे का असेना, पुढे आहोत. पण पलीकडचे जागे झालेत. त्यांचेही कारखाने धडधडायला लागलेत. आपण पुरते तयार होऊ तोवर ते आपल्या वर गेलेले असतील. वरच्या लोकांचा हिशोब असा आहे. पुढे जमणार नाही, म्हणून आत्ता."

हे शब्द टेल्झेने आधी ऐकले होते. ऐकले कशाला, तिनेच उच्चारले होते, मागच्या शरदात, स्वतःच्या स्वयंपाकघरात. अडीच वर्षांची वछेरी गाडीला जुंपू नका, एक उन्हाळा अंगावर जाऊ दे तिच्या, असं हार्म हात जोडून सांगत होता, आणि ती बटाटे सोलता सोलता म्हणाली होती, "थांबलो तर रायमरचा वछेरा हिच्या वर गेलेला असेल. येत्या प्रदर्शनातच."

डॉक्टर खाली वाकले होते. उजव्या पायावरून त्यांचा हात सरळ खाली गेला. डाव्या पायावर, पट्टीवरून, अर्ध्यात थांबला. बोटं तिथेच राहिली. त्यांनी मान वर करून टेल्झेकडे बघितलं. ते फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "सोडायची का पट्टी, टेल्झेबाई? तुम्ही म्हणाल तसं."

तिला सगळं कळत होतं. पट्टी सुटली की घोडी वाचायची आशा होती. पट्टी सुटली की ती फीत कशाच्या मोबदल्यात मिळाली तेही सगळ्या गावाला दिसणार होतं. रायमर हाताच्या अंतरावर उभा होता. चर्चच्या पायऱ्यांवर बायका होत्या, त्यांतल्या प्रत्येकीने नऊ वर्षांत तिच्याबद्दल काही ना काही म्हटलेलं होतं.

आल्केने तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवली.

टेल्झेने स्वतःच वाकून पट्टी सोडली. वेढे एकेक करून फरशीवर पडले. गुडघ्याच्या खाली, आतल्या अंगाला, हाडावर अक्रोडाएवढी गाठ होती.

"कधीची?" कॅप्टनने विचारलं.

"मार्चपासून. प्रदर्शनाच्या वेळी एवढी नव्हती."

"लागलं कशाने?"

"लागलं नाही. मी लवकर जुंपली." तिचा आवाज मोठा होता. पुटपुटायची तिला सवयच नव्हती. "अडीच वर्षांची असताना."

"तुम्ही? अशी घोडी ठेवणारी बाई? कशापायी?"

टेल्झेने रायमरकडे बोट केलं. "पुढच्या वर्षी याचा वछेरा हिच्या वर गेला असता."

कुणी हसलं नाही. रायमरने टोपी काढली आणि ती हातात कशी धरावी हे न सुचल्यासारखी फिरवत राहिला. कॅप्टनने तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात टोमणा नव्हता, थोडी ओळख होती.

"मग मघाशी मला का विचारलंत?" तो म्हणाला.

टेल्झेने खाली पडलेली पट्टी उचलली.

"साहेब," डॉक्टर म्हणाले, "गवतावर ही घोडी आयुष्य काढेल. दगडी रस्त्यावर, तोफेच्या वजनाखाली, हा पाय टिकायचा नाही."

"डॉक्टर, बिनखोडीचे किती घेतलेत आपण सकाळपासून?" कॅप्टनने टोपी डोक्यावर चढवली. "घ्या तिला."

एक वयस्क राखीव सैनिक पुढे आला. त्याच्या पायांत सैन्याचे बूट नव्हते, स्वतःचेच शेतातले होते. त्याने पितळी कड्यांच्या म्होरकीला हात घातला. घोडी दोन पावलं गेली आणि टेल्झेला दिसलं, एक पाय पांढरा, एक उघडा. वेण्या घातलेली, चकाकणारी घोडी, आणि पाय असे अर्धवट सजलेले.

"थांबा," ती म्हणाली.

या मुलखातल्या माणसांना लहानपणापासून एकच गोष्ट सांगून वाढवतात. राजाचं सैन्य आलं तेव्हा आपण बांध फोडले, समुद्र आत घेतला, पण गुडघे टेकले नाहीत. टेल्झेच्या वडिलांनी तिला ती गोष्ट इतक्यांदा सांगितली होती की ती चर्चमध्येसुद्धा ताठ बसायची. ती आता चौकातल्या धुळीत, सगळ्या गावासमोर, काळ्या झग्यानिशी दोन्ही गुडघ्यांवर बसली आणि पट्टी झटकून पहिला वेढा घेतला.

घोडी हलली. कुणीतरी पुढे येऊन तिचं डोकं धरलं, मानेवर थोपटलं. टेल्झेने वर न बघता ओळखलं, रायमर होता. यावेळी पट्टी एकदाच गुंडाळावी लागली. गाठीपाशी तिने वेढा सैल सोडला. कापडाच्या आतून तिच्या बोटांना गाठ गरम लागत होती. सकाळी ती एवढी गरम नव्हती. एवढंसं चालून ही गत.

"दुडक्या चालीने पळवू नका तिला फरशीवर," ती सैनिकाला म्हणाली. "पाणी दिलं की पायावर ओला फडका ठेवा. आणि डावीकडे जुंपू नका, तिथे ताण येतो."

"लक्षात ठेवतो, ताई," तो म्हणाला. तोही शेतकरीच होता, त्याने खरंच ठेवलं असतं. ठरवणं मात्र त्याच्या हातात नव्हतं.

ती उठली. झग्याची धूळ तिने झटकली नाही. आल्के चालू लागली आणि प्रदर्शनात शिकवलं होतं तशी, चारी बाजूंनी माणसं दिसताच, मान कमानीसारखी करून पाय उचलून टाकू लागली. पायऱ्यांवरच्या बायका उभ्या राहिल्या. "टेल्झेची," कुणीतरी म्हणालं, "बघ कशी चालते." आणि इतकं सगळं होऊनही टेल्झेचा ऊर भरून आला. घोडी जात होती, पाय दुखरा होता, चूक तिची होती, आणि तरीही या जिल्ह्यात एवढी देखणी घोडी दुसरी नव्हती. हे सगळं एकाच वेळी खरं होतं आणि तिला त्यातलं काहीच सोडता येत नव्हतं.

रायमर तिच्या शेजारी येऊन थांबला. टोपी अजून हातातच होती.

"माझ्या वछेऱ्याचं म्हणशील तर," तो म्हणाला, "मी तुला कधी बोललो नाही. बोलायला जीभ उचलली नाही. तो काही हिच्या वर जाणार नव्हता, टेल्झे. यंदा नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. मला माहीत होतं ते."

टेल्झेने त्याच्याकडे बघितलं नाही. चौकाच्या टोकाला सैनिकाने घोडी स्टेशनकडच्या दगडी रस्त्यावर वळवली. भिंतीआड पांढऱ्या पट्ट्या दिसेनाशा झाल्या. आता फक्त टापा ऐकू येत होत्या.

रायमर आणखी काही बोलणार होता. टेल्झेने हात वर करून त्याला गप्प केलं. त्या टापा अजून एकसारख्या पडताहेत का, ते ती ऐकत होती.