मामा वाट चुकतो

दिवसाउजेडी गोष्ट ऐकली की मामा वाट चुकतो, हे इंदूरच्या पोरांना वेगळं शिकवावं लागत नसे. दुपारी पोरांनी पिच्छा सोडावा आणि आपला जरा डोळा लागावा म्हणून आया ही थाप मारत आल्या होत्या. त्यांच्या आयांनीही त्यांना हीच मारली होती. स्नेहलतागंजातल्या शारदाबाईंनी आपल्या कुमुदला ती बोलू लागल्यापासूनच ही थाप ऐकवली. कुणाचं काही बिघडत नव्हतं. फरक एवढाच, की कुमुदला एकच मामा होता आणि घरात गोष्टी सांगणाराही तोच होता, त्यामुळे तिला ती थाप जरा जास्तच पटली.

हरी हा शारदाबाईंचा पाठचा भाऊ. मिलमध्ये कारकून, राहायला बहिणीकडे. रात्रीची जेवणं उरकली की तो ‘सात दारांचा डोंगर’ हे जुनं पुस्तक काढून बसायचा. एक बहीण आणि एक भाऊ डोंगराच्या पोटात शिरतात आणि प्रत्येक दारामागे त्यांना निराळीच दुनिया भेटते. पुस्तकाची शेवटची पानं वाळवीनं खाल्ली होती, म्हणून शेवट काय झाला ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ‘मनचं रचून सांग की,’ असं शारदाबाई म्हणाल्या, तर हरी म्हणायचा, "ताई, गोष्ट दुसऱ्याची आहे. आपण कशाला बिघडवायची?" असा सरळ माणूस. घरात एक सरळ माणूस असला की बाकीच्यांची पंचाईत होते, ती पुढे झालीच.

याच पुस्तकावर मुंबईवाल्यांनी हिंदी पिक्चर काढला. हरीनं कुमुदला सहाच्या शोला नेलं, दिवस मावळल्यावर, सगळं रीतसर. चार दारं झाली, पाचव्यात भाऊ आत गेला, दार धाडकन लागलं, बहीण बाहेर राहिली, आणि पडद्यावर अक्षरं आली की बाकीचं दुसऱ्या भागात. कुमुद घरी येईपर्यंत रडत होती. "अगं, दुसरा भाग लागू तर दे," हरी म्हणाला, "मी जिथं असेन तिथून येईन. आपण दोघंच जाऊ. सहाचाच शो, काळजी नको करूस."

वर्षभरानं हरीला उज्जैनच्या मिलमध्ये बरी जागा मिळाली आणि तो गेला. तिथं त्यानं लग्न केलं. मुलगी विधवा, शिवाय जातीबाहेरची. नाव सुलोचना.

शारदाबाई मनानं दुष्ट नव्हत्या, हे सांगायला हवं, कारण पुढचं ऐकून तसं वाटेल. त्यांचे यजमान कृष्णराव सरकारी कचेरीत. राज्याची राजधानी उन्हाळ्यात इंदूरला असे; हिवाळ्यात ती ग्वाल्हेरला गेली की कचेरीमागोमाग तेही जायचे, आणि घराची सगळी अब्रू शारदाबाईंच्या एकटीच्या गळ्यात पडायची. त्यात धाकटी नणंद सुमन लग्नाची. बडा गणपतीकडच्या एका जुन्या दरबारी घराण्यात तिचं जुळत आलं होतं, आणि मुलाची मावशी नेमकी समोरच्याच घरात. ती बाई खिडकीत भाजी निवडायची आणि गल्लीही निवडायची. भावानं काय केलं हे तिला कळलं असतं, तर सुमनचं लग्न मोडलं असतं. मोडलंच असतं, यात शंका नाही.

दिवाळीत दुसरा भाग लागला. टांग्याला फलक बांधून, भोंगा आणि ढोल घेऊन माणूस गल्लोगल्ली ओरडत फिरला, आणि कुमुद त्या टांग्यामागे पार नाक्यापर्यंत धावली. त्याच संध्याकाळी हरीचा इथल्या मिलमधला जुना दोस्त लक्ष्मण निरोप घेऊन आला. "ताईजी, हरीभिया भाऊबीजेला येऊन राहिला. दुपारच्या गाडीनं. वहिनीपण संग आहे."

शारदाबाईंना त्या रात्री झोप लागली नाही. हरीला दारातून परत पाठवायचं, हे त्यांनी ठरवलं. पण कुमुद घरात असली तर मामाच्या गळ्यात पडेल, रडून गल्ली गोळा करेल. तेव्हा ती घरात नको. शेजारच्या प्रेमलताबाईंना त्यांनी कुमुदला तीनच्या शोला न्यायची गळ घातली. प्रेमलताबाईंना पिक्चर म्हटलं की दुसरं कारण लागत नसे.

भाऊबीजेच्या दुपारी कुमुद काही हलेना. "मी मामाबरोबर जाणार. आणि दिवसा कशी गोष्ट बघू? आजच तो येऊन राहिला ना!"

"मामाबरोबर पुन्हा जा की," शारदाबाई म्हणाल्या.

"अगं बाई, टॉकीजच्या आत अंधार असतो ना," प्रेमलताबाई म्हणाल्या. "दारं बंद केली की बिल्कुल रात्र! मग दिवस कुठला?"

कुमुदनं आईकडे पाहिलं. आई सांगेल ते खरं, असं मानणारी ती पोर. शारदाबाईंनी मान डोलावली. "हो ना. आत रात्रच असते."

तासाभरानं हरी आला. डोक्यावर नवी टोपी, मागे अंगभर पदर घेतलेली सुलोचना. उंबऱ्यापाशी वाकून ती म्हणाली, "वन्सं, नमस्कार करते." त्या एका शब्दानं शारदाबाईंचा हात आशीर्वादाला उठलाही. पण समोरची खिडकी उघडी होती. त्यांनी दार आपल्या अंगामागे ओढून घेतलं आणि खालच्या आवाजात भावाला सुनावलं, की सुमनचं लग्न होईपर्यंत, आणि नंतरही, या बाईला घेऊन इथं यायचं नाही. एकटा आलास तरी लोक विचारतील. तेव्हा येऊच नकोस.

हरी भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं एवढंच विचारलं, "कुमुद कुठंय?"

"पिक्चरला गेलीये. शेजारणीबरोबर."

"दुसरा भाग?"

"हो."

त्याचा चेहरा पडला तो तेव्हा, बहिणीच्या बोलण्यानं नव्हे. तो म्हणाला, "तिला सांग ताई, मी आलो होतो. एवढं सांग फक्त." शारदाबाई "सांगते" म्हणाल्या. दोघं आल्या वाटेनं गेली.

कुमुद परतली तेव्हा आई अंगणात तबक घेऊन उभी होती. भाऊबीजेला ज्या बाईकडे भाऊ येत नाही ती चंद्राला ओवाळते. बीजेची कोर घटकाभरच दिसते, आणि समोरची मावशी बघत होती, म्हणून शारदाबाई ओवाळत होत्या. ज्याला ओवाळायचं तो उज्जैनच्या गाडीत बसला होता. ओवाळताना त्यांनी वर चंद्राकडे पाहिलं नाही, याचं श्रेय त्यांना द्यायचं तर द्या.

"मामा आला नाही?" कुमुदनं विचारलं.

"नाही आला."

पोरगी उभ्या जागी पांढरी पडली. "प्रेमलताकाकू खोटं बोलली," ती म्हणाली. "आत रात्र होती. पण मामा तर बाहेर होता ना. बाहेर दिवसच होता."

पोर आहे, चार दिवसांत विसरेल, असं शारदाबाईंनी स्वतःला समजावलं. कुमुद विसरली नाही. पिक्चरचा शेवट काय झाला, भाऊ दाराबाहेर आला की नाही, हे तिनं कुणालाही सांगितलं नाही. विचारलं की ओठ मिटून घ्यायची. शाळेत मास्तरांनी धडा वाचायला घेतला आणि त्यात एखादा राजा निघाला, की ही दोन्ही कानांत बोटं घालायची. शाळा सुटली की घरी येण्याऐवजी स्टेशनच्या रस्त्यावर उभी राहायची. उज्जैनच्या गाडीची माणसं त्याच वाटेनं येत. मामाला घर सापडत नसेल तर आपण दिसलो पाहिजे, असं तिचं म्हणणं. थंडी पडली, खोकला झाला, जेवण तुटलं, तरी तिचं उभं राहणं सुटलं नाही.

"अगं, ती थाप असते," शारदाबाई एकदा कळवळून म्हणाल्या. "दिवसा गोष्ट ऐकून कुणी वाट चुकत नाही."

"मग मामा का नाही आला?"

याला एकच उत्तर होतं, पण ते देता येत नव्हतं. सुमनचं लग्न अजून व्हायचं होतं. त्या दिवशी त्या गप्प बसल्या, दुसऱ्या दिवशीही बसल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, आणि बुक्क्या मारणाऱ्याही त्याच.

सुमनचं लग्न थाटात पार पडलं. मांडव उतरला त्या दुपारीच शारदाबाईंनी लक्ष्मणला बोलावून घेतलं. म्हणाल्या, हरीला सांग, ताईनं बोलावलंय, दोघांना.

"हरीभियानं उज्जैन सोडून दिलं ताईजी. नोकरीपण सोडली. वहिनीला घेऊन कुठं तरी गेला. तिथल्या मिलमध्ये कुणाला पत्ता नाही, मला पण सांगितलं नाही."

शारदाबाई तशाच पायात चपला सरकवून स्टेशनच्या रस्त्याला लागल्या. कुमुद नेहमीच्या जागी उभी होती. रस्त्याकडेच्या पारावर तिला शेजारी बसवून त्यांनी सगळं सांगितलं. मामा आला होता, नवी टोपी घालून आला होता, मामीनं वाकून नमस्कार केला होता. मी दार लावलं. तुला मुद्दाम पिक्चरला पाठवलं. तुझा काही दोष नाही बाळा, सगळा माझा आहे. बोलता बोलता त्या भर रस्त्यात रडू लागल्या. जाणारे-येणारे वळून पाहत होते, पण आता त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

कुमुदनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तिनं आपल्या फ्रॉकच्या टोकानं आईचे डोळे पुसले.

"मला बरं वाटावं म्हणून सांगतेस ना?" ती म्हणाली.

"नाही गं! खरं सांगते. मीच हाकललं त्याला."

"तू असं करशील होय? मामाला?" ती किंचित हसलीसुद्धा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "भाऊबीजेला?"

शारदाबाईंनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी शपथ, कुमुद. तुझ्या डोक्यावर हात ठेवून सांगते..."

कुमुद दचकून मागे सरकली. आईचा हात तिनं दोन्ही हातांनी धरून डोक्यावरून खाली ओढला.

"नको आई," ती घाबरून म्हणाली, "खोटी शपथ नको घेऊस. मी मरेन ना."