हौद्याची आणि पेटीची

येसूबाई चपला काढून गाडीत चढली.

पोलादपूरच्या स्टँडमागच्या त्या गॅरेजात आजवर असे कुणी केले नसावे. गॅरेजवाला गोमाजी हसला. म्हणाला, "काकी, गाडी हाय ही. देऊळ नाय."

चपला एका हातात धरून ती ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर सावकाश टेकली. काचेतून समोरचा रस्ता दिसत होता, रस्त्यापलीकडे उसाच्या रसाचे गुऱ्हाळ आणि त्यामागे डोंगर. मग तिने उजवीकडे पाहिले. ड्रायव्हरची सीट रिकामी होती. तिने सीटच्या पाठीवर तळहात दाबून बघितला. पाठ कडक होती. तिने पुन्हा एकदा दाबून बघितला.

बाहेर तिचा नवरा श्रीपत मागच्या चाकापाशी उकिडवा बसला होता. उभ्या आयुष्यात त्याने अकरा बैल घेतले होते, इंजिनाची वस्तू एकही नाही. त्यामुळे बैल घेताना करायचा तेच तो करत होता. आधी मागून पाहिले, मग पुढून. चारी टायरांवर मूठ आपटली. मागच्या उघड्या हौद्याच्या फळीला खांदा लावून गाडी गदगदा हलवली आणि ती शांत व्हायला किती वेळ घेते ते बघितले. शेवटी म्हणाला, "हिला चढावर उभी करून दाव."

गोमाजीने दोघांना शेजारी बसवून गाडी महाबळेश्वरच्या रस्त्याला काढली. पहिल्या खड्या चढावर श्रीपतने थांबायला सांगितले. तो मनात आकडे मोजत राहिला. गोमाजीला वाटले, म्हाताऱ्याला गरगरायला लागले की काय.

"थांबलेला बैल परत उठतो का, ते बघायचं असतं," श्रीपत म्हणाला. "चालता बैल तर कुनाचाबी चालतो. हां, काढ आता."

गाडी तसूभरही मागे न येता उठली. श्रीपतने बायकोकडे पाहिले. ती खिडकीतून दरीकडे बघत होती.

गाडी घ्यायची होती ती त्यांच्या मुलासाठी. भरत चौदा वर्षांमागे मुंबईला गेला आणि तेव्हापासून दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. भांडुपला खोली, बायको, नऊ वर्षांची सेजल. गेल्या गणपतीला आला होता तेव्हा पडवीत जेवता जेवता म्हणाला, वाडीपर्यंत आता डांबर आलेय, इथेच एखादी गाडी असती तर दूध, भाजी, भाताची पोती, महाडच्या कंपन्यांचा माल, काय वाटेल ते वाहिले असते. स्वतःची गाडी असेल तर येत्या जूनला येतो मी परत. हे वाक्य त्याने पापड मोडता मोडता म्हटले होते. येसूबाईने ते उचलून ठेवले. त्यानंतर श्रीपतने बैलजोडी विकली, पोस्टातले काढले, आणि माघ उजाडेपर्यंत दोघे गाड्या बघायला लागले.

दुसरी गाडी महाडला होती. बाजारपेठेत बेकरी चालवणाऱ्या शुभदाताईंची. त्यांना मोठी गाडी घ्यायची होती, म्हणून ही विकायला काढलेली. पांढरी, चारी बाजूंनी बंद, पेटीसारखी. आत अजून टोस्टचा वास येत होता. शुभदाताईंनी बेकरीतला पोऱ्या न पाठवता स्वतः बाहेर येऊन सगळे नीट सांगितले.

"ही पेट्रोलवर चालते, तेव्हा खर्च जरा जास्त. पण पावसात आतल्या मालाला थेंब लागत नाही. वजन मात्र बेताचंच घालायचं. तुम्ही म्हणता त्या पोलादपूरच्या गाडीत पंधरा पोती घालाल, हिच्यात दहाच्या वर नको. चढावर दमते ती. मी आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर नंतर तुम्ही मला नावं ठेवाल."

श्रीपतला बाई आवडली आणि गाडी नाही. चढावर दमते म्हटल्यावर त्याच्या दृष्टीने विषय संपला होता. येसूबाई मात्र पुन्हा चपला काढून आत जाऊन बसली. या सीटची पाठ मऊ होती आणि हवी तशी मागे होत होती. मागच्या पेटीत एक माणूस आडवा झोपेल एवढी जागा होती. बाजूचे दार सरकवले की सरळ आत जाता येई, चढावे लागत नसे.

"चालवणार कोण?" शुभदाताईंनी विचारले.

"आमचा भरत," श्रीपतने तोंड उघडायच्या आत ती म्हणाली. "मुंबईला असतो. आता इकडंच येणार हाय. त्याची कंबर धरते, म्हून बघत होती."

"मग ही सीट त्यांना नक्की बरी पडेल," शुभदाताई म्हणाल्या, आणि दोघांच्या हातावर दोन-दोन नानकटाया ठेवल्या.

परतीच्या एसटीत दोघांचे जुंपले. श्रीपतचे म्हणणे सरळ होते. गाडी कशाला घ्यायची? ओझे वाहायला. पेंढा काय पेटीत कोंबणार? बांबू कुठे ठेवणार, टपावर? हौदा असला की वरून कितीही रचता येते. येसूबाई म्हणाली, चार महिने पाऊस असतो, तो काय पेंढ्याला विचारून पडतो? आणि पोरगा दिवसभर त्या कडक पाठीला टेकून बसला तर वर्षात अंथरूण धरील. शिवाय सून आणि सेजल कधी बरोबर निघाल्या, तर हौद्यात बसवणार का त्यांना?

"पुढं बसत्याल. पोर मांडीवर."

"पोर नऊ वर्सांची हाय. तुमी तिला बघितलीय का अलीकडं? माज्या खांद्याला लागली."

"मग पेटीत घालून आननार व्हय? टोस्टावानी?"

पुढच्या सीटवरचा माणूस हसला. येसूबाईने पदर सारखा केला. मऊ सतरंजी टाकली तर पोर झोपूनसुद्धा येईल, असे ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली. श्रीपतने ते ऐकले की नाही, कळले नाही.

त्या रात्री भरतला फोन लावला. वाडीत रेंज फक्त देवळासमोरच्या पारावर येते, म्हणून दोघे कंदील घेऊन तिथे गेले. श्रीपतने दोन्ही गाड्यांचे सगळे सांगितले, चढावरच्या परीक्षेसकट. भरत मधून मधून हं म्हणत होता. शेवटी म्हणाला, "दोनीपन चांगल्या हायत, बाबा. तुमाला बरी वाटंल ती घ्या. टेन्शन नका घेऊ."

फोन ठेवल्यावर श्रीपत खूश होता. पोराने आपल्यावर सोडले म्हणाला. येसूबाई कंदिलाची वात बघत राहिली. लहानपणी भरतला साधी बैलगाडी बदलायची म्हटली तरी चाकाला लोखंडी धाव कुठली घालणार, जू कुठल्या लाकडाचे, असे दहा प्रश्न पडत. गेल्या दिवाळीपर्यंत तो जेवणाच्या सुट्टीत गाड्यांचे फोटो पाठवायचा. आज त्याने रंगसुद्धा विचारला नव्हता. ती चालत घरी आली आणि घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासली.

दोघांचे जमेना. गोमाजीला आणि शुभदाताईंना बुधवारपर्यंत कळवायचे होते. तेव्हा श्रीपतच म्हणाला, मंगळवारी वाघजाईला कौल लावू. ती सांगेल ती गाडी.

वाडीत घर बांधायचे असो की पोरीचे स्थळ, अडले की कौल लावतात. गुरव देवीच्या पाषाणाला आंघोळ घालतो आणि ओल्या अंगावर उजव्या-डाव्या खांद्याला तांदळाचा एकेक दाणा चिकटवतो. मग गाऱ्हाणे घालून सगळे गप्प उभे राहतात. पाषाण सुकत जातो तसा दाणा सुटतो. उजवा आधी पडला तर होय, डावा पडला तर नाही. दोन गोष्टींतली एक निवडायची असेल, तर एकीला उजवी बाजू देतात, एकीला डावी. कधी पाच मिनिटांत निकाल लागतो, कधी तास जातो.

मंगळवारी सकाळी सहदेव गुरवाने दाणे लावले. समोरच्या उताराच्या वरकस जमिनीत कुणीतरी भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजत होते, त्याचा धूर देवळापर्यंत येत होता. सहदेव वयाने लहान, पण देवळात उभा राहिला की त्याचा आवाज बदलायचा.

"एकच इचारा," त्याने दोघांना बजावले. "तोंडानं मी बोलनार, मनात तुमी बोला, पन तेच बोला. मधी दुसरं आनू नका. दोन घातलीत तर उत्तर कंच्याचं, ते मला नाय सांगता यायचं."

मग त्याने हात जोडून मोठ्याने गाऱ्हाणे घातले. आई वाघजाई, तुझी लेकरे गाडी घेतायत, भरतच्या हाताला काम मिळू दे, हौद्याची घ्यायची तर उजवा दे, पेटीची घ्यायची तर डावा दे.

येसूबाईने डोळे मिटले. तिने तेच म्हणायला सुरुवात केली. हौद्याची घ्यायची तर उजवा. पेटीची घ्यायची तर. दुसऱ्यांदा म्हणताना शब्द अडखळले, आणि तिसऱ्यांदा तिच्या मनात गाडीच राहिली नाही. माझा भरत घरी राहायला येणार असेल तर उजवा दे. नसेल येणार तर डावा. तिने डोळे उघडून सहदेवकडे चोरून पाहिले. त्याला काही कळणे शक्य नव्हते. तरी तिचे कान तापले. आता मागे घेता येणार नव्हते. तिने पुन्हा डोळे मिटले, आणि उजवा, उजवा, एवढेच म्हणत राहिली.

बराच वेळ गेला. पाषाणाच्या कपाळावरचे पाणी सुकले, मग छातीवरचे. श्रीपत शेजारी हात जोडून इतका ताठ उभा होता की त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. बाहेर राबाचा धूर विरळ झाला.

डावा दाणा सुटला आणि टप्‌दिशी खालच्या तबकात पडला. उजवा तसाच होता.

"डावा," सहदेव म्हणाला. त्याचा नेहमीचा आवाज परत आला होता. "पेटीची. येसूकाकी, तुमचंच खरं झालं बघा. काका, आता भांडायचं नाय हां."

श्रीपत हसला नाही. त्याने वाकून उंबऱ्याला डोके टेकवले आणि जरा जास्तच वेळ टेकवून ठेवले.

येसूबाईने प्रसादाचे खोबरे हातात घेतले. ते तिने खाल्ले नाही, मुठीत धरले.

"हौद्याची घेऊ," ती म्हणाली.

सहदेवला वाटले तिने ऐकले नाही. त्याने पुन्हा सांगितले की देवीने पेटीची दिली आहे, डावा पडला.

"देवीनं काय सांगितलं ते समजलं मला," ती म्हणाली. "हौद्याची बरी. पेंढा हाय, पोती हायत. आपल्याला तीच उपेगाची."

सहदेवने श्रीपतकडे पाहिले. म्हातारा आता तरी काही बोलेल, निदान एवढे दिवस भांडलीस कशाला म्हणून चिडवेल, असे त्याला वाटले. श्रीपतने फक्त टोपी डोक्यावर ठेवली आणि बाहेर पारावर जाऊन बसला. येसूबाई मागोमाग गेली. ती बसेपर्यंत तो पुढच्या राबाकडे बघत होता. काळी राख, मधूनच एखादा लाल ठिपका.

"मीबी गाडीचं नव्हतं इचारलं," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे वळली. त्याने तिच्याकडे पाहिले नाही. ती थोडी त्याच्या बाजूला सरकली, आणि मुठीतले खोबरे मोडून अर्धे तिने त्याच्या हातावर ठेवले. दोघांनी ते सावकाश चावून खाल्ले.

फोन वाजला तेव्हा दोघेही दचकले. भरतच होता. आज कौल आहे हे त्याला माहीत होते. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

"आये, काय झालं?"

"हौद्याची घेतोय."

"बरं." तो थांबला. "बरं केलंत." पुन्हा थांबला. "आये, मी काय म्हनत होतो, जूनचं जरा..."

"शुभम चालवील," ती म्हणाली. "खालच्या आळीतला. लायसन काढून बसलाय, गाडी नाय म्हून. आज संध्याकाळी बोलते त्याच्याशी. पोरगा चांगला हाय, दारूबिरू नाय."

पलीकडे नुसते हॉर्न ऐकू येत राहिले. तिला वाटले रेंज गेली. तिने फोन कानापासून काढून पाहिला, पुन्हा लावला.

"रागावलीस का गो?"

"नाय रे. रागवायचं काय त्यात?" ती म्हणाली. "तू तिकडचं सांग. काय चाललंय तुमचं? मला कायच सांगत नायस तू दिवाळीपासनं."

भरतने लांब श्वास घेतल्याचे ऐकू आले. मग तो म्हणाला की सेजलला जूनपासून तिकडच्या मोठ्या शाळेत घेतलेय. परीक्षा होती, आये, दोनशे पोरे बसली होती, त्यात ती आठवी आली. गणिताचा पेपर तिने वेळेच्या आधी दिला. बाईंनी बोलावून विचारले, घरी कोण शिकवते हिला? आणि आता तो थांबेना. शाळेला केवढे मैदान आहे, पोरगी गणवेश घालून आरशासमोरून कशी हलत नाही, तिची आई चाळीत पेढे वाटून आली, हे सगळे तो धाप लागल्यासारखे सांगत सुटला. मे महिन्यात पंधरा दिवस आणतो तिला, म्हणाला. इतक्या भराभर तो बऱ्याच महिन्यांत बोलला नव्हता.

श्रीपत जवळ सरकून बसला. येसूबाईने फोन कानापासून थोडा लांब, दोघांच्या मधोमध धरला.

"आठवी म्हनतो?" श्रीपतने हळूच विचारले.

तिने मान हलवली आणि त्याला गप्प राहायची खूण केली, पुढचे ऐकू यावे म्हणून.