डाव्या हातानं दिलेलं पाणी

बाई खोटं बोलते आहे, हे गुणवंतीला तिने पायरीवर पाय ठेवला तेव्हाच कळलं. कोणतं खोटं, तेवढंच शोधायचं राहिलं.

शिवडीच्या मिठागरांना भरतीचं पाणी नेणारा एक जुना कालवा होता. त्याच्या काठाला गुणवंतीचा मुसाफरखाना. चार खाटा, एक पडवी, अर्धी कौलं नळीची नि अर्धी मंगलोरी, कारण वारा नेईल तशी ती बदलली जात. भरतीला होड्या आणि पडाव कालव्यात शिरत, तिच्या दगडी पायरीला लागत. खलाशी जेवत, उतारू पाठ टेकत आणि ओहोटीबरोबर निघून जात. नवरा दर्यात गेला तेव्हापासून ही पायरी तिला पोसत होती. पायरीला होडी लागली तर चूल पेटायची.

(माजघरात कालपासून आणखी एक बाई होती, राधाबाई. गेल्या शिमग्याला नवरा वारला म्हणाली. दोन्ही हात रिकामे, मान खाली, रेवसच्या पडावाची वाट पाहत बसलेली. तिचं काही नाही.)

आणि त्याच सकाळी दौलत येऊन गेला होता.

दौलत माहीमच्या कोळीवाड्यातला. होडीतूनच बोलला, पायरीवर उतरला नाही. आवाज मऊ, मिशी तेल लावलेली. बायको पळाली, म्हणाला. मंजुळा नाव, उंच, सावळी. पाड्यापाड्याला निरोप दिलाय, जमातीने ठरवलंय. तिला जो ठेवून घेईल त्याच्या पायरीला कोळ्याची एक होडी लागणार नाही. मी आज शिवडीच्या कोळीवाड्यातच आहे, काही दिसलं तर कळव. शेवटचं वाक्य हसून म्हणाला, आणि गुणवंतीला ते हसू सगळ्यात जास्त लागलं.

म्हणून दुपारी, ऐन उन्हात, एकटी बाई बोचकं घेऊन दारात उभी राहिली तेव्हा गुणवंतीने आधी तिचा चेहरा पाहिला नाही. हात पाहिले.

डाव्या हातात हिरव्या बांगड्या. उजवा रिकामा.

कोळ्यांच्या लग्नात नवरीच्या उजव्या हातातला चुडा दर्याला देतात. एवढं घे आणि माझ्या माणसाला सांभाळ, असं ते देणं. मग जन्मभर त्या हातात बांगडी चढत नाही, डाव्यात मात्र ती कायम हवी. गुणवंतीनेही दिला होता. दर्याने चुडाही ठेवला, माणूसही ठेवला. डावा हात तिने नंतर रिकामा केला.

आलेली बाई मात्र म्हणत होती, मी कुणबी आहे. शेवंती नाव, राहायला लालबागला, नवरा गिरणीत साच्यावर. चिपळूणकडे आई आजारी आहे, संध्याकाळच्या पडावाने रेवसला उतरून पुढे जायचं.

उंच होती. सावळी होती.

गुणवंतीने तिला पाणी दिलं आणि पुढ्यात मांदेलीची टोपली ठेवली. म्हटलं, बसल्या बसल्या एवढी साफ कर. बाईने भराभर केली. हात मासळीत मुरलेला. म्हणजे कोळीण.

पण कोकणातली कुठली बाई मासळी साफ करत नाही?

मग गुणवंतीने ताट वाढलं. बाई म्हणाली, आज सोमवार, मी मासळी खात नाही. म्हणजे कोळीण नाही.

की मला असं वाटावं म्हणून खात नाही?

कालव्याकडे पाठ करून बसली होती. दर्याला तोंड दाखवायची लाज, दुसरं काय. पडवीत ऊन त्याच बाजूने येत होतं, हे गुणवंतीला दिसत होतं आणि दिसूनही नको होतं.

(राधाबाईने न सांगता भांडी घासली. वाकताना ती एकदा कण्हली. पाठ भाजली होती, उजव्या खांद्याच्या खाली. चुलीवरून हंडा कलंडला, म्हणाली होती. गुणवंतीने काल तिला खोबरेल लावलं होतं.)

आनंदा नावाचा एक कायमचा उतारू पडवीत पडलेला असे, लाकडाच्या वखारीत हमाली करायचा. त्याने एक डोळा उघडून सगळं पाहिलं.

“मावशी, त्या बाईला जेवू तरी दे. फौजदारासारखी काय बघत बसलीस?”

“तू झोप.”

“झोपतो. पण माझ्याकडं असं बघू नको हां. मी कुणाची बायको नाय.”

गुणवंतीला हसू आलं नाही. ती त्याला मागच्या दारी घेऊन गेली, कोळीवाड्यात जा म्हणाली, दौलतला सांग बाई सापडली. आनंदाचा चेहरा उतरला. त्याने विचारलं, आणि ती नसली तर? गुणवंती म्हणाली, नसली तर तो पाणी पिऊन जाईल. आणि असली आणि मी गप्प बसले, तर तू उद्या जेवायला कुठं जाशील?

तो गेला.

त्यानंतरचा वेळ तिने विस्तव पुन्हा पुन्हा फुंकण्यात घालवला. शेवंती पडवीत सुतळीची गुंडी सोडवत बसली होती. जाळ्याला लागते म्हणून ठेवलेली ती गुंता झालेली गुंडी गुणवंतीने तिला दिलीही नव्हती. हात रिकामा बसवत नाही म्हणून तिने आपणच घेतली होती. डावीकडे सुतळी धरून उजवा हात गोल, गोल, एका चालीत फिरत होता. थांबत नव्हता. शेवंतीचं त्याच्याकडे लक्षही नव्हतं.

कोळीण सुतळी अशी गुंडाळत नाही.

हा विचार तिला आला तेव्हा उशीर झाला होता. दौलत बांधावरून येत होता, बरोबर त्याच्या होडीवरचे दोन खलाशी, मागून आनंदा.

त्याने पडवीत येऊन शेवंतीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

“ही नव्हं.”

शेवंती उठून उभी राहिली. तिला कळायला वेळ लागला, पण कळलं. उजवा हात तिने गुणवंतीपुढे धरला. मनगटाच्या आतल्या बाजूला एक पांढरा, ओढलेला वण होता.

“ह्याच्यासाठी माणसं बोलावलीस होय? अगो, मी रिळाच्या खात्यात काम करते. दिवसभर हाच हात फिरतो. बांगडी सुतात अडकली, हात कापला, वर खात्यावर देखरेख करणाऱ्या नायकिणीने दंड लावला. तेव्हापासून ह्या हातात घालत नाय. विचारायचं होतंस की.”

खाटेच्या कडेला टेकलेला आनंदा तिच्याकडे बघायचं टाळत होता. दौलतने घाम पुसला आणि पाणी मागितलं. गुणवंतीने आत हाक मारली.

(दाराआडून एक हात बाहेर आला. हातात तांब्या.)

डावा हात. पाहुण्याला पाणी डाव्या हातानं? गुणवंती चिडून पुढे झाली आणि तांब्या घेताना थांबली. मनगटापासून वर चार बोटं कातडी फिकट होती, उजळ पट्ट्यासारखी. कडेला काचेचे ताजे ओरखडे. दाराची कड धरलेला उजवा हात तेवढाच दिसत होता, आणि तो बोटांपासून कोपरापर्यंत एकसारखा उन्हाने रापलेला होता.

गेल्या शिमग्याला फुटलेल्या बांगड्यांची जागा अशी उजळ राहत नाही. हिने त्या परवा फोडल्या असतील. आणि आयुष्यभर घातल्या, त्या एकाच हातात.

गुणवंतीने तांब्या दौलतला दिला.

“डाव्या हातानं पाणी देते?” दौलत म्हणाला. “कोण हाय आत?”

“रांडाव हाय. माझ्यासारखीच.” मग तिला वाटलं हे अपुरं आहे, आणि ती पुढे बोलून गेली. “पाठ भाजलीय तिची. उजवा हात नीट उचलत नाय.”

बोलल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो ते.

दौलतचा तांब्या ओठांपाशी थांबला. भाजलेली पाठ ऐकून माणूस विचारतो कशाने, कधी. त्याने काहीच विचारलं नाही. त्याची नजर माजघराच्या दारावर गेली आणि तिथेच राहिली. हंडा चुलीवरून पाठीवर कसा कलंडतो, हा प्रश्न गुणवंतीला कालच पडायला हवा होता. तिला तो आत्ता पडला.

एक खलाशी म्हणाला, बघून घेऊ का आत? दौलतने पाऊल उचललं.

गुणवंती दारात आडवी झाली नाही. ती बाजूला सरली.

“बघ की. तू बघ, ह्या दोघांनाही बघू दे. दोन्ही हात रिकामे हायत तिचे. नवऱ्याच्या नावाची एक काच ठेवलेली नाय. कुणाची ती, ते तू त्यांना सांग.”

हे तिने आवाज न चढवता म्हटलं. दोन्ही खलाशांनी मात्र एकमेकांकडे पाहिलं, कारण रिकाम्या हातांचं नाव निघालं की दर्यात जाणारा माणूस मागे सरतो. ते आपोआप मागे सरले. तो जिवंत असताना बायकोने ज्याच्या नावाचा चुडा फोडला, त्याच्या होडीत उद्या पाय कोण ठेवणार? होडीचा तांडेल म्हणून त्याला हाक कोण मारणार? तिला बाहेर ओढायचं तर दौलतला तिचा तो डावा हात धरूनच ओढायचं होतं, या दोघांच्या डोळ्यांदेखत.

त्याने तांब्या पडवीच्या कठड्यावर ठेवला. पाणी तसंच होतं.

“रांडाव बाईशी मला काय करायचंय,” तो म्हणाला. आवाज अजून मऊच होता. जाताना मात्र त्याने गुणवंतीच्या पायरीकडे असं पाहिलं, जणू तिचे दगड मोजून ठेवतोय.

भरती आली. रेवसचा पडाव लागला. गुणवंतीने शेवंतीला सोमवार सोडायला वेगळी भाकर बांधून दिली. शेवंतीने ती घेतली. पडावात चढल्यावर तिने हात पुढे केला, तो गुणवंतीसाठी नव्हता. मागून येणाऱ्या बाईला तिने उजव्या हाताने वर घेतलं आणि स्वतःच्या पदराआड बसवलं. काय कळलं, किती कळलं, कुणी विचारलं नाही. राधाबाईने, म्हणजे मंजुळाने, एकदाच मागे पाहिलं. तेही गुणवंतीकडे नाही. बांधाकडे.

दुसऱ्या दिवशी गुणवंती पहाटेपासून पायरीवर होती. चूल तिने पेटवलीच नव्हती. आनंदा उपाशीच कालव्याकडे डोळे लावून बसला होता. पाणी चढलं. कोळ्यांची पहिली होडी कालव्यात शिरली, समोर आली, वल्ही थांबली. म्हातारा तांडेल दोर हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिला.

“दौलत काल इथं आलेला म्हणं?”

“आलेला.”

“काय पायजे होतं त्याला? तो काय सांगत नाय.”

“पाणी,” गुणवंती म्हणाली. “पण प्याला नाय.”

तांडेलाने वल्हेकऱ्यांना खूण केली. मग दोर तिच्या पायरीवर फेकला.